स्टीलचा डबा आणि ओकुदाबाई

खांबेट्यांच्या घरात डब्यांच्या दोन जाती होत्या. पहिली दह्याच्या डब्यांची. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात असतात तसे ते सिंकखालच्या कपाटात एकात एक घालून उभे असत, आणि कपाट उघडलं की रांगेने अंगावर येत. उरलेली भाजी, वरणफळं, सत्यनारायणाचा शिरा असं काहीबाही या डब्यांतून पाहुण्यांबरोबर जाई, आणि मालिनीबाई दारातच सांगत, "डबा परत आणू नका हं." तो औदार्याचा भाग नव्हता, धोरणाचा होता.

दुसऱ्या जातीत एकच डबा होता. कडीचा, स्टीलचा, मालिनीबाईंना लग्नात मामांनी दिलेला. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी 'मालिनी' असं कोरलेलं होतं आणि खाली लग्नाची तारीख. हा डबा घराबाहेर जात नसे. "स्टीलचा डबा दिला की तो परत येतो," मालिनीबाई म्हणत, "आणि परत येतो तो रिकामा येत नाही. मग आपण पुन्हा द्यायचं. जन्माचं नातं जोडायचं असेल तरच कुणाला स्टीलचा डबा द्यावा."

मालिनीबाई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्यांचा हा नियम मोरेश्वररावांनी पंचवीस वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकला असेल. ऐन वेळी तो त्यांना आठवला नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

मोरेश्वरराव रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये होते. म्हणजे इतरांच्या कामातल्या चुका शोधणे हा त्यांचा पगारी व्यवसाय होता आणि घरी ते तो विनामूल्य चालवत. त्यांची मुलगी उर्वी सिअॅटलच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होती. तिला जपानमध्ये, कानाझावाला, एक वर्षाच्या एक्स्चेंजवर जायची संधी आदल्या वर्षीच मिळाली होती. तेव्हा ती गेली नाही. उलट होस्टेल सोडून घरी राहायला आली. युनिव्हर्सिटीने समजूतदारपणा दाखवून जागा एक वर्ष राखून ठेवली. आता २००६चा एप्रिल उजाडला होता आणि एक जूनपर्यंत सही केलेला फॉर्म पाठवायचा होता. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता.

जाणार नाही असं उर्वी म्हणत नव्हती. ती "बघू" म्हणत होती. मोरेश्वररावांनी पंचवीस वर्षं संसार केला होता. बाईमाणसाच्या "बघू"चा अर्थ त्यांना शिकवावा लागत नव्हता.

"का पण? आता काय अडचण आहे?"

"बाबा, काल रात्री तू काय जेवलास?"

"टोस्ट."

"आणि परवा?"

मोरेश्वररावांनी प्रश्नाचं स्वरूपच चुकीचं असल्याचं सांगितलं. पण मुद्दा त्यांना कळला होता. पोरगी त्यांच्यासाठी अडून बसली होती. हे त्यांना इतकं लागलं, की त्यांनी त्याच आठवड्यात दुहेरी मोहीम आखली. स्वतः स्वयंपाक शिकून आपण एकटे राहू शकतो हे सिद्ध करायचं, आणि जपानबद्दल इतकी माहिती गोळा करायची की मुलीला तिथे बूड टेकायला त्रास होऊ नये.

माहितीचा उगम समोरच होता. त्यांच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, ओकुदा नावाच्या सत्तरीच्या जपानी बाई राहत. मुलगा सारखा कामानिमित्त प्रवासात. बाईंशी मोरेश्वररावांची ओळख सहा वर्षांची होती आणि ती जिन्यात मान लववण्याइतकीच होती. पण एकदम जाऊन दार कसं वाजवायचं? म्हणून त्यांनी डॉक्टर राजारामांना फोन लावला.

डॉक्टर राजाराम हे साठच्या दशकात आलेले हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. १९७४ साली ते एका परिषदेसाठी ओसाकाला चार दिवस गेले होते आणि तेव्हापासून गावातल्या मराठी मंडळींत जपान हा त्यांचा विषय होता.

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस," डॉक्टर म्हणाले. "आणि प्लास्टिकमधून तर मुळीच नको. जपानी माणूस आधी वेष्टन बघतो. आतल्या वस्तूला तिथे दुय्यम महत्त्व."

"ते बरंच आहे," मोरेश्वरराव म्हणाले, कारण आतली वस्तू ते स्वतः करणार होते.

शिरा करायचा ठरला. कृती डॉक्टरांच्या पत्नीने, सुवर्णावहिनींनी, फोनवरून सांगितली.

"तूप किती घालू?"

"लागेल तेवढं."

"वहिनी, किती लागतं?"

"अहो, रवा सांगतो ना आपल्याला."

रवा काही बोलला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर अपुऱ्या माहितीवर लिहिलेले प्रोग्रॅम संतापाने परत पाठवले, त्याच्यावर हा प्रसंग होता. शिऱ्यात गुठळ्या झाल्या. मोठ्या होत्या, पण आकाराने सारख्या होत्या, हे मोरेश्वररावांनी स्वतःशी नोंदवलं. मग प्लास्टिक नको म्हणून त्यांनी वरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला, धुतला, भरला आणि समोरचं दार वाजवलं.

भेट उत्तम झाली. ओकुदाबाईंचं इंग्रजी सावकाश होतं, पण गाळलेल्या पाण्यासारखं स्वच्छ. मुलगी जपानला जाणार म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले. "थंडी," त्या म्हणाल्या. "कानाझावात पुष्कळ पाऊस. पुष्कळ बर्फ. छत्री हवीच." वर्षातले आठ महिने भिजणाऱ्या रेडमंडच्या माणसाला पावसाची भीती घालणाऱ्या बाईंबद्दल मोरेश्वररावांना आदरच वाटला. डबा तिथेच ठेवून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. ओकुदाबाई उभ्या होत्या. डबा आरशासारखा घासलेला, निळ्या पांढऱ्या कापडात गाठ मारून बांधलेला, आणि आत तांदळाच्या खारट चकत्या. मोरेश्वरराव भारावले. ते भारावलेपण संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की आता बाईंचं कापड आपल्याकडे आहे.

"नुसतं कापड कसं परत द्यायचं?" त्यांनी उर्वीला विचारलं.

"बाबा, तिच्याकडे दहा असतील."

"तुझ्या आईने दिलं असतं का रिकामं?"

कापडात चिवडा गेला. अर्थात डब्यात घालून. परत डबा आला तो आंबट खारवलेल्या प्लमसह, आणि ते प्लम डब्यात मावले नाहीत म्हणून बरोबर काळ्या लाखेची एक नाजूक पेटीही आली. आता पेटी परत करणं आलं.

एप्रिल संपता संपता दोन्ही दारांच्या मधल्या सहा फुटांत वाहतूक इतकी वाढली की कोणत्या क्षणी कोणाचं कोणतं भांडं कुठे आहे हे मोरेश्वररावांना व्हाइटबोर्डवर लिहून ठेवावं लागलं. मराठी माणूस भांडं रिकामं परत करत नाही आणि जपानी माणूस भेट घेऊन गप्प बसत नाही. दोन्ही बाजू सारख्याच सुसंस्कृत असल्यामुळे शेवट दिसत नव्हता. ऑफिसमध्ये असल्या प्रकाराला 'इन्फिनिट लूप' म्हणत आणि तो लिहिणाऱ्याला मोरेश्वरराव सर्वांदेखत झापत.

"यातून बाहेर कसं पडायचं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"एखादी भारी वस्तू दे. परतफेड करताच येणार नाही अशी. मग ती गप्प बसेल."

मोरेश्वररावांनी सुट्टी घेऊन पुरणपोळ्या केल्या. परतफेड अशक्य होती यात शंका नाही, कारण त्या वस्तूला जगात दुसरं काही तुल्य नव्हतं. एक पोळी आफ्रिकेच्या आकाराची होती. ओकुदाबाईंनी त्या बदल्यात हाताने विणलेला मफलर दिला.

"मग दह्याच्या डब्यातून द्या," सुवर्णावहिनी म्हणाल्या. "मालिनी तेच करायची."

तेव्हा कुठे मोरेश्वररावांना नियम आठवला. त्यांनी फोन ठेवला. मग कपाट उघडलं, अंगावर आलेल्या डब्यांतला एक उचलला, उपमा भरला आणि ओकुदाबाईंना तीन वेळा बजावलं, "परत नको. फेकून द्या. प्लीज."

बाईंनी तीन वेळा मान लववली. मोरेश्वरराव सुटकेचा श्वास टाकून घरी आले.

त्याच आठवड्यात प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहिला. ओकुदाबाईंनी आदल्या पाळीला पाठवलेल्या स्टीलच्या डब्यात हिरवे वाटाणे होते. मोरेश्वररावांनी ते शेंगदाण्यासारखे मूठभर तोंडात टाकले. वासाबी नावाचा पदार्थ त्यांना तोवर ठाऊक नव्हता. तो जिभेला काही करत नाही, थेट नाकातून कवटीत शिरतो. दहा मिनिटं ते बेसिनला धरून रडले. रडून झाल्यावर त्यांच्यातला नगरचा माणूस जागा झाला.

"तिखट म्हणजे काय ते यांना दाखवलं पाहिजे," ते उर्वीला म्हणाले. "प्रेमाने. पण दाखवलं पाहिजे."

"बाबा, प्लीज, इट्स नॉट अ कॉम्पिटिशन."

उर्वी लायब्ररीत गेली आणि मोरेश्वररावांनी ठेचा करायला घेतला. तव्यावर तेल, तेलात पाऊण पौंड हिरव्या मिरच्या, वर खिडक्या बंद, कारण बाहेर पाऊस. मिरच्या तडतडल्या. आधी मोरेश्वरराव खोकले. मग घरातला अलार्म ओरडला. मग त्यांनी धूर बाहेर जावा म्हणून जिन्याकडचं दार उघडलं, आणि संपूर्ण इमारतीचा अलार्म ओरडला.

चोवीस बिऱ्हाडं पावसात उभी राहिली. बंब आला. एक धिप्पाड जवान मुखवटा न लावता वर गेला आणि शिंकत खाली आला. "सर," त्याने डोळे पुसत विचारलं, "आत नक्की काय जळत होतं?"

"चटणी," मोरेश्वरराव म्हणाले. "आणि जळत नव्हती. होत आली होती."

याच वेळी गर्दीतून छत्री धरलेल्या ओकुदाबाई पुढे आल्या. इमारत रिकामी करा म्हटल्यावर लोकांनी पासपोर्ट, लॅपटॉप, मांजरं घेतली होती. ओकुदाबाईंनी कापडात बांधलेली एक वस्तू घेतली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली आणि कमरेत वाकल्या. आत दह्याचा डबा होता. कोमट पाण्यात भिजवून त्याचं लेबल काढलं होतं, झाकण पुसलेलं होतं, आणि डब्यात गोड रताळी होती.

ओलं बनियन आणि एप्रन अशा वेशात मोरेश्वरराव बंबासमोर कमरेत वाकले. नेमकी तेव्हाच उर्वी बसमधून उतरली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वडिलांना टॉवेल दिला, चहा केला, तवा घासला आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, मी त्यांना ईमेल करते. नाही येत म्हणून."

"एका ठेच्यासाठी?"

"ठेच्यासाठी नाही. मी तिकडे असताना अलार्म वाजला तर मला कोण सांगणार?"

मोरेश्वरराव यावर बरंच बोलणार होते. घशात मिरची होती म्हणून बोलता आलं नाही, असं त्यांनी नंतर डॉक्टरांना सांगितलं.

"एक तारखेपर्यंत थांब," एवढंच ते म्हणाले. उर्वी म्हणाली, "बघू."

अठ्ठावीस मेला अपार्टमेंटच्या ऑफिसातून नोटीस आली. कोणा शेजाऱ्याने कळवलं होतं की तिसऱ्या मजल्यावर रोज खाद्यपदार्थांच्या डब्यांची ने-आण चालते. परवान्याशिवाय घरातून खाद्यव्यवसाय करणं करारात बसत नाही, तरी दोन्ही बिऱ्हाडांनी समक्ष खुलासा करावा. मोरेश्वररावांना चोवीस वर्षांच्या नोकरीत कधी मेमो मिळाला नव्हता. त्यांनी टाय लावला. उर्वी "मी बोलते, तू बोलू नकोस" म्हणून बरोबर आली. ओकुदाबाई करड्या रंगाचा कोट घालून, कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांना रिकाम्या हाताने येणं अर्थातच शक्य नव्हतं.

मॅनेजरबाईंचं नाव ब्रेंडा. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण त्यांच्यापुढे फॉर्म होता.

"तुम्ही यांना पदार्थ विकता?"

"नाही. देतो."

"का देता?"

"त्या देतात म्हणून."

"त्या का देतात?"

"मी देतो म्हणून."

ब्रेंडाबाईंनी पेन खाली ठेवलं. "सुरुवात कोणी केली?"

"मी. मला एक माहिती हवी होती."

"मिळाली?"

"पहिल्याच दिवशी. छत्री न्यावी."

"मग थांबला का नाहीत?"

"बाबा, मी बोलते म्हटलं ना," उर्वी मराठीत कुजबुजली आणि फॉर्म आपल्याकडे वळवून वाचू लागली. चार हजार वर्षांच्या दोन संस्कृती या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात भरायच्या?

तेव्हा ओकुदाबाईंनी गाठोडं सोडलं. आत पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची चित्रं होती. ब्रशने काढलेली, वर पाणरंग. मोरेश्वररावांनी दिलेल्या प्रत्येक पदार्थाचं, मिळाल्या दिवशीच, बाईंनी चित्र काढलं होतं. एकोणीस चित्रं होती. चिवड्यातला कढीपत्ता होता. आफ्रिकेच्या आकाराची पोळी होती. शिऱ्यातल्या गुठळ्यासुद्धा होत्या, आणि त्या इतक्या मायेने रंगवल्या होत्या की मोरेश्वररावांना प्रथमच त्यांची लाज वाटली नाही.

"विकत नाही," ओकुदाबाई सावकाश म्हणाल्या. "विकत घेतलेलं मी कधी काढत नाही."

ब्रेंडाबाई एकेक चित्र बघत गेल्या. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी मागचं चित्र पुन्हा काढलं, त्याच्या मागचं काढलं.

"हे काय आहे? जवळजवळ प्रत्येक डब्यावर हेच लिहिलेलं दिसतं. हा तुमचा ब्रँड आहे का?"

उर्वीने वाकून पाहिलं. पदार्थ बदलत होते, पण एखाददुसरं चित्र सोडलं तर डबा तोच होता. त्याच्या पोटावर, ठिपक्याठिपक्यांनी, एकही ठिपका न गाळता, ओकुदाबाईंनी नक्षी समजून अक्षरं उतरवली होती. मालिनी. मालिनी. मालिनी. काही चित्रांत वेलांटी जरा जास्त डौलदार झाली होती.

मोरेश्वररावांनी टायची गाठ सारखी केली. ती सारखीच होती.

"ब्रँड नाही," उर्वी म्हणाली. "माझ्या आईचं नाव आहे."

ओकुदाबाईंना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी पहिलं चित्र, शिऱ्याचं, उचललं, ते दोन्ही हातांत धरलं आणि मान लववली. यावेळी मोरेश्वररावांपुढे नाही, चित्रापुढे.

ब्रेंडाबाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहून शिक्का मारला. "फॅमिली," त्या म्हणाल्या. "नात्यातली देवाणघेवाण करारात चालते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्या पोळीत आत काय असतं?"

परत येताना जिन्यात ओकुदाबाईंनी उर्वीला एक कागद दिला. त्यावर कानाझावाचा पत्ता होता. धाकटी बहीण, एकटी असते, मोठं घर, रविवारी जेवायला जायचं. विचारलेलं नव्हतं, सांगितलं होतं. मोरेश्वररावांना आपली आत्या आठवली.

घरी आल्यावर उर्वी स्वयंपाकघरात व्हाइटबोर्डसमोर उभी राहिली.

"आज कोणाची पाळी?"

"माझी. थालीपीठ. पीठ भिजवलंय."

"आणि उद्या?"

"त्यांची."

"परवा?"

"परवा परत माझी. त्यांची पेटी आहे ना इकडे."

"एखाद्या दिवशी तू गेला नाहीस तर?"

"तर सव्वाआठला त्या बेल वाजवतील. मागच्या मंगळवारी मला सर्दी झाली होती, तर सूप घेऊन हजर. म्हणजे पुन्हा एक भांडं." मोरेश्वररावांनी वैतागून हात झटकले. "याला अंत नाही गं उर्वी. मी काय काय करून पाहिलं. हे आता असंच चालणार. वर्षानुवर्षं."

उर्वी हसायला लागली. आधी हळू, मग ओट्याला धरून. मोरेश्वररावांना कळेना की आपली अडचण इतकी हसण्यासारखी काय आहे. हसता हसताच तिने फ्रिजवरचा फॉर्म काढला, पेन मागितलं आणि ओट्यावरच सही केली. कोपऱ्याला भाजणीचा डाग पडला. तो तसाच जपानला गेला.

सप्टेंबरच्या शेवटी विमानतळावर डॉक्टर राजारामांनी तिला वीस मिनिटं ओसाकाबद्दल सांगितलं. कानाझावा ओसाकात नाही हे सांगायचा मोह तिने आवरला. सुवर्णाकाकूंनी मेतकूट दिलं. ओकुदाबाईंनी छत्री दिली. मग मोरेश्वररावांनी पिशवीतून निळ्या पांढऱ्या कापडात बांधलेली वस्तू काढली. आत स्टीलचा डबा होता आणि डब्यात बेसनाचे लाडू. सगळे गोल होते.

"बहिणीला द्यायचे. पहिल्याच रविवारी."

उर्वीने डबा हातात घेतला. अंगठा आपोआप ठिपक्यांवर गेला. "बाबा, दह्याच्या डब्यात दे ना. हा केवढा जड आहे."

"दह्याचा डबा परत येत नाही."

"ओकुदा-सान तर तोही परत करतात."

"त्यांचं वेगळं. त्यांचा मला भरवसा आहे, तुझा नाही," मोरेश्वरराव म्हणाले आणि कापडाची गाठ पुन्हा एकदा आवळली. "आणि हे बघ, रिकामा आणू नकोस."